कॉलर ओढून दिलेलं इंजेक्शन

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मावशी, लस घेतल्यापासून हात वरच जात नाहीये. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं असं."

भाची एकतीस वर्षांची आहे. मी विचारलं, "सुई कुठे टोचली होती? बोट ठेवून सांग." ती म्हणाली, "मावशी, फोनवर बोट कसं ठेवू?" दोघी हसलो. पण फोन ठेवल्यावर मला असा राग चढला की तासभर मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. माझी नात घाबरून बघायला आली. तिला काय सांगू? हेच वाक्य मला तीस-बत्तीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरने तोंडावर फेकलं होतं. तेव्हा मी जेमतेम चाळीस वर्षांची होते.

लसीशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगते. मी नर्स. आयुष्यभरात हजारो लोकांना टोचलं, आणि आजही कुणी विचारलं तर "घ्या, लगेच घ्या" असंच सांगते. माझं भांडण आहे चुकीच्या जागी टोचण्याशी, आणि तसं टोचून झाल्यावर "तुमचाच खांदा जुना" म्हणून मोकळं होणाऱ्यांशी. ते भांडण मिटवायला मला चार महिने लागले. भाचीला तेवढे लागू नयेत, म्हणून लिहायला बसले आहे.

जेवणाचा हॉल

आखाती युद्धाचा तो हिवाळा. मी सौदीत, जेद्दातल्या एका खाजगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. माझा नवरा प्रकाश बंदराजवळच्या एका शिपिंग ऑफिसात अकाउंट्स बघायचा. तोंडाने मी त्याला 'अहो'च म्हणते, पण कागदावर प्रकाश लिहायला मला आवडतं. मुलगी मृणाल अकरा वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये. इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडत होती ती रियाधकडे आणि पूर्वेला. जेद्दा लांब होतं. तरी काचांवर चिकटपट्ट्या आम्हीही लावल्या होत्या, आणि दर आठवड्याला ओळखीचं एखादं कुटुंब सामान बांधून मुंबईला निघून जात होतं.

हॉस्पिटलला निरोप आला की जखमी सैनिक येऊ शकतात, चाळीस खाटा तयार ठेवा. एवढ्या रक्ताशी संबंध येणार म्हणून सगळ्या स्टाफला काविळीची लस द्यायचं ठरलं. ठरलं ते चांगलंच ठरलं. दिली कशी, तिथून माझी कहाणी सुरू होते.

जेवणाच्या हॉलमध्ये एका भिंतीला पुरुष कर्मचाऱ्यांची रांग, समोरच्या भिंतीला आम्हा बायकांची. मधे टेबल टाकून यादी घेऊन मुदीर बसलेला. मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर. त्याच्या डोळ्यांदेखत टोचून घेतल्याशिवाय नावापुढे खूण होणार नव्हती. आमचा युनिफॉर्म तिथल्या रिवाजाप्रमाणे मनगटापर्यंत लांब बाह्यांचा, आणि बाही इतकी अरुंद की कोपराच्या वर सरकायची नाही. दंडावर टोचायचं तर बाही अंगातून काढायला हवी, आणि समोर सगळे पुरुष उभे.

मी मुदीरकडे गेले. म्हटलं, "वॉर्डातले चाकांचे दोन पडदे मागवा. पाच मिनिटांचं काम आहे."

"पडदे जखमींच्या खाटांना लावलेत," तो यादीवरून मान वर न करता म्हणाला. "यल्ला, सिस्टर, यल्ला." म्हणजे चला, आटपा.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला मला आजही जड जातं. इन्चार्ज मी होते. मी मोठ्याने सांगितलं, "गळ्याची बटणं सोडा, कॉलर खांद्यावर ओढा. पटपट चला." नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात की खांद्याच्या हाडाचं टोक चाचपायचं, तिथून दोन-तीन बोटं खाली यायचं आणि मग टोचायचं. कॉलर वरून ओढली की नेमकी ती बोटं कापडाखाली राहतात. उघडा पडतो तो नुसता खांद्याचा माथा. मला हे माहीत नव्हतं का? होतं. मीच नव्या मुलींना शिकवत होते. पण अशा वेळी आम्हा बायकांना लाज आधी सुचते आणि शरीर नंतर.

टोचत होती लिसी. केरळची, माझ्याच वयाची, हॉस्पिटलातला सगळ्यात हलका हात. मुलं तिच्याकडूनच इंजेक्शन घ्यायचा हट्ट धरायची. शंभरावर बायकांना टोचून तीही थकली होती, आणि माझा नंबर शेवटचा. माझ्या अंगावर तेव्हाही मांस नव्हतं. कॉलर ओढली, सुई आत गेली, आणि जिथे पोचू नये तिथे काहीतरी पोचलं असं मला स्पष्ट जाणवलं.

"लगा क्या, सिस्टर?" लिसीने विचारलं.

"नहीं," मी म्हटलं. एवढ्या बायकांदेखत इन्चार्जनेच कण्हायचं म्हणजे काय!

वाकडी वेणी

संध्याकाळी खांदा ठणकायला लागला. इंजेक्शनने दुखतंच, म्हणून मी दोन गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी हात बाजूला उचलेना. पंधरा दिवसांनी पाठीमागे जाईना. तोही उजवा.

दुखणं म्हणजे काय ते मोठ्या गोष्टींतून कळत नाही. मला कळलं ते केसांना पिन लावताना. मग पोळी लाटताना. लाटणं पुढे ढकललं की खांद्यात कुणीतरी सुरी फिरवायचं. शेवटी प्रकाश कोपऱ्यावरच्या बेकरीतून खुबूज, म्हणजे तिथली अरबी रोटी, आणायला लागला आणि आम्ही वरणाशी खुबूज खायला लागलो. वरच्या फळीवरचे डबे त्याने न सांगता खाली काढून ठेवले. मला त्या डब्यांचाही राग आला.

मृणालची वेणी घालणं मला जमेना. एका सकाळी प्रकाश ऑफिसचे कपडे घालून तिच्यामागे बसला आणि कंगवा हातात घेऊन विचारायला लागला, "आता कुठली बट कुठल्या बटेवर?" मी सांगत होते, तो चुकत होता. मृणालने आरशात बघितलं. "पापा, ये तो टेढ़ी है." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "इट्स ओके, मम्मी. टेढ़ी ही रहने दो." तिने ती वाकडी वेणी तशीच शाळेत नेली. त्या सगळ्या दिवसांत मला रडू आलं ते तेवढंच एकदा, आणि तेही मी बाथरूममध्ये जाऊन उरकलं.

वॉर्डात माझे हाल त्याहून वाईट. सलाइनची बाटली टांगता येईना, पेशंटला कुशीवर वळवता येईना. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा आटापिटा, ते जखमी काही आलेच नाहीत. एकही नाही. चाळीस खाटा चकचकीत चादरी घालून, चाकांचे पडदे लावून रिकाम्या पडल्या होत्या. मी रोज दुखरा हात पोटाशी धरून त्या पडद्यांसमोरून ये-जा करायची आणि मनातल्या मनात मुदीरच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची.

'वय'

आमच्याच हॉस्पिटलच्या हाडाच्या डॉक्टरने मला तपासलं, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या लांबून बघितलं. "चाळिशी आली की खांदा धरतो. शुगर असेल." शुगर तपासली. निघाली नाही. "मग वय," तो म्हणाला. मी म्हटलं, "डॉक्टर, लस घेतली त्या सोमवारी दुपारपर्यंत मी पेशंट उचलत होते. माझं वय काय एका दुपारीच झालं?" त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

प्रकाशच्या ओळखीचे डॉ. खानोलकर तिथल्याच एका सरकारी हॉस्पिटलात होते. मूळचे रत्नागिरीचे. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "सिस्टर, सुई कुठे टोचली? बोट ठेवा बघू."

मी डाव्या हाताचं बोट नेऊन ठेवलं. त्यांनी डोळे मिटून कपाळाला हात लावला.

"अहो, तिथे खांदा असतो! दंड नव्हे. सांध्याभोवतीच्या पिशवीत गेलीय लस. आत सूज, मग सांधा आखडला. सरळ गोष्ट आहे." मग म्हणाले, "पण पुस्तकात याला नाव सापडायचं नाही हो तुम्हाला."

कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी म्हटलं, "डॉक्टर, एवढंच कागदावर लिहून द्या."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "हात किती अंशात उचलतो ते मोजून लिहून देतो. कारण नाही लिहिता यायचं. मलाही इकामा आहे, सिस्टर. दुसऱ्या हॉस्पिटलविरुद्ध लिहिलं आणि उद्या..." इकामा म्हणजे तिथे राहून काम करायचा परवाना; तो गेला की देश सोडायचा.

त्यांनी खरंच कोन मोजला, नीट, तीनदा. व्यायाम शिकवले. पैसे घेतले नाहीत. त्यांच्या बायकोने सोलकढी दिली. आणि मी घरी येईपर्यंत गाडीत प्रकाशला बोलत होते: "सगळ्यांना कळतं आणि कुणी लिहीत नाही!" भल्या माणसाच्या भित्रेपणाचा राग येतो तेव्हा तो कुठे काढायचा तेच समजत नाही.

मुदीरचा चहा

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. माझा इकामा हॉस्पिटलचा होता. माझ्या फाइलवर 'जुना आजार' लिहिलं गेलं तर मी अनफिट, आणि अनफिट म्हणजे महिन्याभरात देशाबाहेर. मग मी आणि मृणाल आमच्या गावी मिरजेला, प्रकाश एकटा जेद्दात, आणि ज्या नर्सचा उजवा हात वर जात नाही तिला मिरजेत तरी कोण उभं करणार? 'कामावर झालेली इजा' लिहिलं तर मात्र उपचार त्यांच्याकडे, बरी होईपर्यंत नोकरीवरून काढता येणार नाही, आणि भरपाई द्यावी लागणार. सगळी लढाई त्या एका ओळीची होती. मी भरपाईचा अर्ज केला.

मुदीरने बोलावणं धाडलं. मला नाही, प्रकाशला. खांदा माझा, नोकरी माझी, आणि चहा नवऱ्याला! तिथली ती रीत होती. बाईचं काम तिच्या पुरुषाशी बोलायचं. मी वॉर्डात दातओठ खात बसले.

प्रकाश घरी आला तो हुरळून. "ऐक. ते म्हणतायत, लिसीने निष्काळजीपणे टोचलं असं आपण लिहून द्यायचं. मग तिच्यावर कारवाई करतील आणि तुला इजा म्हणून मान्य करतील. एक सही, खलास."

"लिसीचं काय?"

"तिला पाठवतील परत." तो बूट काढत होता, वर बघत नव्हता. "तिनेच टोचलं ना? खोटं थोडंच आहे?"

"अहो, कॉलर ओढायला मी सांगितलं. पडदा त्याने दिला नाही. आणि शिक्षा लिसीला? तिचं नाव लिहिलं की भांडण दोन बायकांचं होतं. तो मधल्यामधे हात धुऊन मोकळा!"

"मोकळा होऊ दे की! आपल्याला काय? तुला तुझा हात पाहिजे की न्याय पाहिजे?"

"दोन्ही पाहिजे!" मी ओरडले. तोही ओरडला. आतल्या खोलीतून मृणालने टेपरेकॉर्डर मोठा केला. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि आम्ही पहिल्यांदाच एकमेकांवर असे ओरडलो. त्याचं ऑफिसही डगमगत होतं, जहाजं येत नव्हती, माणसं कमी करायची बोलणी चालू होती. हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी मला कुणाचंही काही समजून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लिसीला लिनन रूममध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. वाटलं, ती घाबरेल, हात धरेल. ती चादरींच्या घड्या घालत राहिली.

"सिस्टर, तुम बोला कॉलर खींचो. हम खींचा," ती म्हणाली. "सही जगह कहाँ था मेरे पास?"

खरंच होतं. म्हणून जास्त झोंबलं. मी म्हटलं, "तुम्हारा नाम नहीं दूँगी." तिने मान हलवली, थँक्यूसुद्धा म्हणाली नाही.

लाल पेनाचे दोन ठिपके

युद्ध संपलं. खिडक्यांच्या चिकटपट्ट्या निघाल्या, त्यांचे डाग राहिले. माझा अर्ज फिरत फिरत लेबर ऑफिसात पोचला आणि सुनावणीचा दिवस आला. तेव्हा बाई तिथे सहसा जात नसे. मला खास परवानगीने आत घेतलं, आणि तेही प्रकाशच्या मागच्या खुर्चीवर.

टेबलापलीकडे पांढऱ्या दाढीचा एक अधिकारी. एका बाजूला मुदीर. दुभाषा म्हणून हॉस्पिटलचेच मुनीरभाई, हैदराबादचे. ते हॉस्पिटलची सरकारी कागदपत्रं करायचे. अधिकाऱ्याने मला सलाम केला, पण प्रश्न सगळे प्रकाशला. मुनीरभाई सांगायचे, "साब पूछरे, आपके घरवालों का हाथ कित्ता उठता?" घरवाले म्हणजे मी. प्रकाश मागे वळून माझ्याकडे बघायचा, मी सांगायची, तो सांगायचा, मग मुनीरभाई. माझं दुखणं तीन पुरुषांच्या तोंडातून जाऊन कागदावर उतरत होतं, आणि उतरेपर्यंत त्यातलं निम्मं सांडत होतं.

मग मुदीरने एक कागद पुढे सरकवला. मुनीरभाईंनी तो वाचला आणि घसा खाकरला. "अम्मा, ये सिस्टर लिसी का बयान है. बोलरी, आपका हाथ पहले से दुखता था. टीके के पहले से."

खाली लिसीची सही. तीच गोल गोल सही, जी मी रोज वॉर्डच्या रजिस्टरात बघत होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिच्यासाठी मी नवऱ्याशी भांडले! हिचं नाव राखलं! आणि हिने मला जुनाट रोगी ठरवून विमानात बसवायची तयारी केली होती. नाव जिभेच्या टोकावर आलं. घेतलं असतं तर तिथल्या तिथे तिचा निकाल लागला असता. मुदीर माझ्याकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला तेवढ्यात दिसलं की तो याचीच वाट बघतोय. मी 'लिसी' म्हणावं आणि त्याची सुटका व्हावी.

मी उभी राहिले. म्हटलं, "मुनीरभाई, साहेबांना सांगा, मी दाखवते. मला माझा खांदा इथे उघडा करता येणार नाही. नवऱ्याचा करते."

"अम्मा, ये क्या कररे?" मुनीरभाई घाबरले.

"अहो, उभे राहा," मी प्रकाशला सांगितलं. तो उभा राहिला. कान लाल झाले होते त्याचे. मी डाव्या हाताने त्याचा टाय सैल केला, वरची तीन बटणं सोडली आणि कॉलर खांद्यावर ओढली. जेवढी ताणली जाईल तेवढी. उघडा पडला तो हाडाचा माथा. प्रकाशच्या खिशात नेहमी दोन पेनं असतात, एक लाल. लाल पेनाने मी त्या जागी ठिपका काढला. "इथे टोचलं. सगळ्यांना. कारण याच्या खाली कापड होतं."

मग कॉलर जागेवर आणली, त्याच्या शर्टाची अर्धी बाही खालून वर सरकवली आणि दुसरा ठिपका काढला. "इथे टोचायला हवं होतं. त्यासाठी बाही निघायला हवी. आमची बाही मनगटापर्यंत असते आणि समोर पुरुषांची रांग होती. मी पडदा मागितला होता. या साहेबांनी दिला नाही."

अधिकारी उठून टेबलाला वळसा घालून आला. त्याने प्रकाशचा शर्ट स्वतः बाजूला केला, दोन ठिपक्यांमध्ये आपली बोटं ठेवली. तीन मावली. मग वरच्या ठिपक्यावर अंगठा दाबला आणि हाड चाचपलं. त्याला आया-बहिणी असतील, मुली असतील. भर हॉलमध्ये बाई दंड का उघडा करणार नाही, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुदीरने ज्या रिवाजाच्या आड लपायचं ठरवलं होतं, तोच आता त्याला नडत होता.

"पडदे कुठे होते?" त्याने मुदीरला विचारलं.

"जखमींसाठी ठेवले होते."

"किती जखमी आले?"

मुदीर समोरचे कागद चाळायला लागला. त्याचं भाषांतर मुनीरभाईंना करावं लागलं नाही.

मग अधिकाऱ्याने सकाळपासून पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून विचारलं, "टोचलं कुणी?"

"मी सांगितलं तसं टोचलं गेलं," मी म्हटलं. "मला हॉस्पिटलने सांगितलं तसं मी सांगितलं. माझी चूक तिथे लिहा, हॉस्पिटलचीही लिहा. तिसरं नाव नाही." हे मी लिसीच्या प्रेमाखातर म्हटलं नाही, हे स्पष्ट लिहिते. मुदीरला सुटू द्यायचं नव्हतं म्हणून म्हटलं.

मुदीर अधिकाऱ्याच्या कानाशी लागला. मुनीरभाई प्रकाशकडे झुकले. "भाई, हॉस्पिटल तडजोड कररा. भरपाई डबल देते बोलरे. बस, वजह लिखना नक्को. इलाज करो, काम करो, बात खतम."

दुप्पट. जहाजं येत नसलेल्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या माणसाला हा शब्द काय असतो ते मला माहीत होतं. प्रकाशने बटणं लावली. मग तो मागे वळला आणि सगळ्यांसमोर, मराठीत, मला विचारलं, "सुनंदा, काय करायचं? तुझा हात आहे."

"लिहून पाहिजे," मी म्हटलं.

"लिखके होना," प्रकाशने मुनीरभाईंना त्यांच्याच बोलीत सांगितलं, आणि खुर्चीवर नीट टेकून बसला.

लिहून मिळालं. कामावर झालेली इजा, टोचण्यासाठी योग्य आडोसा न दिल्यामुळे. भरपाई एकपट. सही नवऱ्याची चालेल म्हणाले. मी म्हटलं, माझी होईल. टेबलाच्या उंचीपर्यंत माझा हात व्यवस्थित जात होता.

और ऊपर

जिला वाचायची घाई आहे तिच्यासाठी कामाचं थोडक्यात सांगते. टोचून घेताना बाही पूर्ण काढा. आडोसा मागा, मिळेपर्यंत रांग अडवून ठेवा, मागचे ओरडले तरी ओरडू द्या. लगेच दुखलं तर लगेच सांगा, माझ्यासारखं 'नहीं' म्हणू नका. कुणी टोचलं, कुठे टोचलं, दुखायला कधी लागलं, त्याच दिवशी लिहून ठेवा. आणि कुणी 'वय' म्हणालं तर उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जा. आता या दुखण्याला नाव आहे म्हणे, पुस्तकातसुद्धा. माझ्या वेळी नव्हतं.

आता लिसीचं.

निकालानंतर मला हलकं काम आणि रोज फिजिओथेरपी मिळाली. पहिल्याच दिवशी लिसी आपल्या जेवणाच्या सुट्टीत तिथे येऊन उभी राहिली. न बोलावता. फिजिओथेरपिस्ट एक आणि पेशंट पंधरा, त्यामुळे मला धरायला माणूस हवंच होतं. मी तिच्याशी बोलत नव्हते. तीही बोलत नव्हती. माझं मनगट पकडायची, दुसरा हात खांद्यावर ठेवायची आणि खेचायची. हात तोच, हलका. पण अडलेल्या सांध्याला हलक्या हाताचं काय कौतुक! डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. ती म्हणायची, "और ऊपर." मी म्हणायची, "मर!" मराठीत. तिला कळायचं.

सहा आठवडे असे गेले. हात कानापर्यंत आला आणि तिथेच अडला. एक दिवस माझ्याच्याने राहवलं नाही. विचारलं, "क्यों लिखा वो?"

"मुदीर बोला, लिखो नहीं तो जाओ," ती म्हणाली. मनगट तिने सोडलं नव्हतं. "घर में तीन बच्चा है, सिस्टर. आदमी का काम नहीं है."

"मैंने तुम्हारा नाम नहीं दिया था!"

"मालूम है."

"फिर?"

लिसीने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "फिर से पूछेगा, तो फिर से लिखेगा."

सॉरी नाही, रडणं नाही, काही नाही! डोक्यात अशी तिडीक गेली की मी मनगट हिसडा मारून सोडवलं आणि तिच्यावर हात उगारला. अख्ख्या खोलीदेखत. पेशंट बघायला लागले. लिसी मागे सरकली नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती, त्याच्या वर बघत होती. मग मीही मान वर केली. माझा उजवा हात डोक्याच्या वर होता. चार महिन्यांहून जास्त काळ जिथे गेला नव्हता तिथे, सरळ, बोटं ताणलेली.

"नीचे मत लाओ," लिसी म्हणाली, आणि कोपराखाली आपला तळवा लावला. "वहीं रखो. दस तक. वन... टू..."

दहा होईपर्यंत मी तिला मराठीत शिव्या देत होते, आणि ती मोजत होती.